पट ज्याचा त्याचा, पेटी सगळ्यांची : शेजारच्या शाळांनी एकत्र काम कसं उभं करावं

शेजारच्या दोन शाळा एकमेकींशी का बोलत नाहीत, याचं उत्तर ३० सप्टेंबरच्या आकड्यात आहे. त्या तारखेच्या पटावर (विद्यार्थीसंख्येवर) संच मान्यता होते आणि संच मान्यतेवर शिक्षकांची पदं ठरतात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० पर्यंत पटाला २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४ असं कोष्टक आहे. राज्याच्या निकषांत वेळोवेळी फेरफार होतात, पण गणित तेच राहतं. चार लेकरं शेजारच्या गावच्या बसमध्ये बसली की इकडचा एक शिक्षक अतिरिक्त ठरू शकतो, आणि समायोजनात तो कुठे जाईल ते कोणी सांगू शकत नाही. म्हणून मे महिन्याच्या उन्हात शिक्षक गावोगाव फिरतात, मोफत बस, गणवेश, वह्यांचा गठ्ठा देऊ करतात, आणि निकाल लागला की चौकात फ्लेक्स चढतात.

ही चढाओढ थांबेल असं धरून आखलेलं सहकार्य पहिल्याच जूनमध्ये मोडतं. पट ज्याचा त्याचाच राहणार, असं धरून आखलं तर ते चालतं. पुढची सगळी मांडणी याच धोरणावर आहे. ती जिल्हा परिषद शाळा आणि खाजगी हायस्कूल, दोघांच्या मुख्याध्यापकांसाठी आहे.

कोणत्या शाळा, किती

चार ते सहा. त्यात किमान एक हायस्कूल हवं आणि त्याला मुलं पुरवणाऱ्या दोन-तीन प्राथमिक शाळा हव्यात. शाळा संकुलाची कल्पना कोठारी आयोगाने (१९६४–६६) मांडली होती. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ती पुन्हा पुढे आणली: एक माध्यमिक शाळा आणि ५ ते १० किलोमीटरच्या परिसरातल्या खालच्या वर्गांच्या शाळा व अंगणवाड्या. एका सरकारी आणि एका खाजगी शाळेची जोडी लावण्याचंही त्याच धोरणात आहे. जोड्या लागतात, दोन मुख्याध्यापकांचा गुच्छासह फोटो निघतो, आणि बहुतेक वेळा सहकार्य तिथेच संपतं.

किलोमीटर मोजू नका, वेळ मोजा. शिक्षकाला मोटारसायकलवर जाऊन, दोन तासिका घेऊन, मधल्या सुट्टीच्या आत परत येता आलं पाहिजे. आणि ही मोजणी जुलैत करा. काळ्या रानातला जो शिवरस्ता उन्हाळ्यात ३ किलोमीटरचा असतो, तोच पावसाळ्यात ११ किलोमीटरचा वळसा होतो. मधल्या ओढ्यावर पूल नसेल तर ती शाळा यादीतून वगळा, गाव कितीही जवळ दिसो.

सहाच्या वर गेलात की प्रयोगसाहित्याची सामायिक पेटी फिरत नाही, बैठकीला सगळे येत नाहीत, आणि एखादी शाळा नुसती नावाला राहते. केंद्रात (शिक्षण खात्याने केलेल्या शाळांच्या गटात) १२ शाळा असतील तर दोन गट करा. केंद्रप्रमुखांना कळवा, पण गट त्यांच्या आदेशाने तयार झाला असं होऊ देऊ नका. त्यांची बदली झाली की तो गट विरतो.

आधी पटाचं मिटवा

पहिल्या बैठकीत विज्ञान प्रदर्शनाचं बोलणं निघेल. ते सोपं असतं म्हणून निघतं. ते बाजूला ठेवून एका पानाचा करार लिहा. मुद्दे पाचच:

१. भागीदार शाळेत सध्या शिकत असलेल्या मुलाच्या घरी प्रवेशासाठी जायचं नाही. ज्या वर्गानंतर शाळा संपते (चौथी, पाचवी, सातवी, आठवी) तिथल्या मुलांना हे लागू नाही. त्यांच्यासाठी एप्रिलमध्ये प्राथमिक शाळेतच पालकांची एक बैठक घ्यायची. तिथे प्रत्येक हायस्कूलला १५ मिनिटं मिळतील.

२. दाखला मागितल्यापासून तीन कामाच्या दिवसांत द्यायचा, आणि ऑनलाइन पोर्टलवरची विनंतीही त्याच मुदतीत मान्य करायची. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ तर मुख्याध्यापकाने दाखला लगेच द्यावा असंच म्हणतं, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. तरी जूनमध्ये टीसी अडवण्याचे प्रकार सगळीकडे चालतात, म्हणून हे लिहून घ्यायचं.

३. एखादी शाळा नवा वर्ग जोडणार असेल (जिल्हा परिषद शाळेला आठवी, हायस्कूलला पाचवी) तर प्रस्ताव पाठवण्याआधी गटात सांगायचं. परवानगी मागायची नाही, फक्त सांगायचं. गटातली बहुतेक भांडणं इथेच पेटतात, कारण बातमी बाहेरून कळते.

४. एकत्र उपक्रमातले गुण, क्रमांक, फोटो फ्लेक्सवर किंवा प्रवेशाच्या पत्रकावर वापरायचे नाहीत.

५. वाद झाला तर ज्या दोन शाळांचा वाद नाही त्यांचे मुख्याध्यापक बसून आठ दिवसांत निकाल देतील.

सहीसाठी मुख्याध्यापक पुरत नाहीत. जिल्हा परिषद शाळेत शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या (या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यामुळे गावालाही कळतं). खाजगी शाळेत संस्थेचा ठराव घ्या. संस्थाचालकाला अंधारात ठेवून केलेला करार पहिल्या फ्लेक्सला फाटतो. चौथा मुद्दा त्यांना सगळ्यात जास्त टोचेल. तो गाळून करार करण्यापेक्षा ती शाळा वर्षभर बाहेर राहिलेली बरी.

पैसे एकत्र करू नका

गटाचं बँक खातं काढायचा मोह होतो. काढू नका. संयुक्त शाळा अनुदान पटावर मिळतं, साधारण ३१ ते १०० पटाला २५,००० आणि १०१ ते २५० ला ५०,००० रुपये असं समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं कोष्टक आहे. ते अनुदान त्याच शाळेवर खर्च व्हावं लागतं, दुसऱ्या शाळेच्या वर्गणीला चालत नाही. म्हणून रक्कम वाटण्याऐवजी वस्तू वाटून घ्या: एक शाळा भिंगं आणि काचसामान घेईल, दुसरी विजेची उपकरणं, तिसरी रसायनं. ज्याने घेतलं त्याच्या डेडस्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीला) ते चढेल आणि तिथेच राहील. फिरताना स्वतंत्र देवाणघेवाण वही असेल: तारीख, वस्तू, नग, देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही, परत आल्याची तारीख. ऑडिटला ही वही दाखवली की प्रश्न मिटतो. ती नसेल तर दहा भिंगांसाठी मुख्याध्यापकाला पदरचे पैसे भरायची पाळी येते.

पहिलं काम : प्रयोगाची पेटी

सुरुवात इथूनच करा. यात पट नाही, निकाल नाही, आणि गरज खरी आहे. लहान हायस्कुलात नववी-दहावीचे प्रयोग बऱ्याचदा वहीतच होतात. प्राथमिक शाळेत सहावी ते आठवीला भिंग हातात येत नाही.

४० मुलांचा वर्ग, ५ मुलांचा एक असे ८ गट, म्हणून प्रत्येक वस्तूचे ८ संच. दोन पत्र्याच्या ट्रंका लागतात, एकीत काच आणि दुसरीत बाकी सगळं. आत भरायचं ते असं:

काचेच्या चिपा ८, टाचण्या ५० (प्रत्येक गटाला ४ आणि हरवायला उरलेल्या), कोनमापक ८, मऊ लाकडाचे किंवा जाड पुठ्ठ्याचे फलक ८. बहिर्वक्र भिंगं ८, सगळी एकाच नाभीय अंतराची, १५ सेंटीमीटरची चांगली. वेगवेगळ्या अंतरांची घेतली तर कोणत्या गटाचं उत्तर चुकलं ते शिक्षकालाच कळत नाही. ० ते ५०० मिलिअँपिअरचे अ‍ॅमीटर ८, ० ते ५ व्होल्टचे व्होल्टमीटर ८, १० ओहमचे रोधक ८, प्लग कळा ८, दीड व्होल्टचे सेल १६ आणि वर ८ जास्तीचे. एका सेलला अ‍ॅमीटरचा काटा १५० च्या आसपास, दोन सेलना ३०० च्या आसपास यायला हवा. १०० मिलीलीटरची चंचुपात्रं १०, परीक्षानळ्या ४०, नळी धरायचे चिमटे ८, स्पिरिटचे दिवे ४. मोरचूद २०० ग्रॅम, लोखंडी खिळे पाव किलो, सँडपेपर, लिटमसची पुस्तकं, बंद डब्यात कळीचा चुना.

आता काय बिघडतं. सर्वांत जास्त बिघाड प्लग कळीमुळे होतो. तास संपला, घंटा झाली, कळ लावलेलीच राहिली, ट्रंक बंद झाली, आणि सोमवारी दुसऱ्या शाळेत सेल मेलेले. म्हणून ट्रंकेच्या झाकणाला आतून कागद चिकटवा: ‘सेल काढून वेगळ्या डब्यात.’ त्याच्याखाली: ‘धन टोक धनाला.’ उलटं जोडलं तर काटा शून्याच्या मागे आपटतो, आणि चार वेळा आपटला की तो वाकडाच राहतो.

मोरचुदाचं द्रावण बोअरच्या पाण्यात करू नका. आपल्याकडचं बहुतेक बोअरचं पाणी जड असतं. त्यात मोरचूद टाकला की निळंशार द्रावण होण्याऐवजी गढूळ, निळसर साका धरतो आणि खिळ्यावर बसलेलं तांबं नीट दिसत नाही. प्यायचं जारचं पाणी घ्या, किंवा पत्र्यावरून धरलेलं पावसाचं. १०० मिलीलीटरला ५ ग्रॅम पुरतं. खिळे सँडपेपरने चकचकीत घासून टाका, अर्धा तास थांबा. तासाच्या सुरुवातीला टाकले तरच शेवटी दिसतं. द्रावण ओढ्यात किंवा झाडाच्या बुडाशी ओतायचं नाही, जुन्या कॅनमध्ये साठवायचं. मोरचूद विषारी आहे, त्यामुळे पाचवीच्या आतल्या वर्गात ही पुडी न्यायचीच नाही.

कळीच्या चुन्याचा डबा पावसाळ्यात हवा खातो आणि भुकटी होतो. पाणी टाकल्यावर गरम लागत नसेल तर चुना विरलेला आहे, प्रयोग चुकलेला नाही. चुना टाकणारं मूल चष्म्याशिवाय वाकून बघणार नाही याकडे लक्ष हवं.

फिरण्याचं वेळापत्रक: एका शाळेत एक आठवडा. पाच शाळा असतील तर सहा आठवड्यांचं चक्र, सहावा आठवडा दुरुस्ती आणि भरण्याचा. हस्तांतरण शनिवारी सकाळच्या शाळेनंतर, दोन्ही शाळांच्या शिक्षकांसमोर ट्रंक उघडून, यादी मोजून. सोमवारी सकाळी घाईत दिलेल्या पेटीतल्या फुटलेल्या नळीचं पाप कोणाच्याच माथी येत नाही आणि सगळ्यांच्या माथी येतं. फुटतूट धरूनच चला. वर्षाला निम्म्या परीक्षानळ्या जातील. त्याची भरपाई मुलांकडून घ्यायला लागलात की शिक्षक पेटी उघडायचीच बंद करतात.

जवळच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब (मुलांनी हाताने उपकरणं बनवून बघायची सरकारी योजनेतली प्रयोगशाळा) असेल तर महिन्यातून दोन दुपार मागून घ्या. या लॅबला २० लाखांपर्यंत अनुदान असतं आणि आजूबाजूच्या मुलांनीही ती वापरावी अशी अपेक्षा आहे. जाताना तारा, सेल, एलईडी आपले न्या, म्हणजे दुसऱ्यांदा बोलावतील.

दुसरं काम : एकच चाचणी, पिसलेले गठ्ठे

पेटीची दोन चक्रं नीट झाली की मगच हे. इथे निकाल येतो, म्हणून विश्वास थोडा जमलेला लागतो.

एक वर्ग, एक विषय. दहावीचं विज्ञान भाग १ किंवा गणित भाग २ घ्या: ४० गुण, २ तास. बोर्डाची तयारीही त्यातच होते. छत्रपती संभाजीनगर आणि लातूर या दोन विभागीय मंडळांच्या हद्दीवरच्या शाळा एका गटात असल्या तरी अडत नाही, अभ्यासक्रम एकच आहे. वर्षातून तीनदा पुरे: ऑगस्टचा शेवट, दिवाळीनंतर डिसेंबरचा पहिला आठवडा, जानेवारीचा शेवट.

प्रश्नपत्रिका दोघांनी काढायची, तिसऱ्याने संविधान तक्ता (कोणत्या घटकाला किती गुण याचा आराखडा) तपासायचा. कोणता घटक कोणत्या शाळेत शिकवून झालाय हे आधी लिहून घ्या. नाहीतर निम्मी मुलं न शिकलेल्या प्रश्नासमोर बसतात आणि तक्त्यातून काहीच निघत नाही. पेपर आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर सकाळपर्यंत ट्यूशनच्या ग्रुपवर असतो. छापील प्रती बंद पाकिटात, सगळीकडे एकाच दिवशी, एकाच वेळी.

उत्तरपत्रिकेवर नाव नाही, शाळा नाही, फक्त क्रमांकाची चिठ्ठी. क्रमांक शाळेवार सलग दिले (१०१ ते १५० आमचे, २०१ ते २५० त्यांचे) तर तपासणाऱ्याला लगेच कळतं. १ ते २५० मधले आकडे चिठ्ठ्या काढून वाटा. यादी प्रत्येक मुख्याध्यापकाच्या कपाटात.

तपासणीच्या दिवशी पाचही शिक्षक एका शाळेत. दोन शाळांनी एकमेकांचे गठ्ठे अदलाबदल करणं टाळा: तिथे सैल हाताने गुण पडतात किंवा वचपा निघतो. सगळ्या २५० उत्तरपत्रिका पत्त्यांसारख्या पिसा आणि पाच गठ्ठे करा. कडक हाताचा शिक्षक असला तरी त्याचा कडकपणा सगळ्या शाळांवर सारखा पडतो. ५० उत्तरपत्रिका, प्रत्येकी सहा-सात मिनिटं, म्हणजे पाच ते सहा तास. रविवार जातो. चहा आणि जेवण यजमान शाळेचं.

पण तपासणीआधी दीड तास काढाच, तो सगळ्यात मोलाचा. गठ्ठ्यातून सहा उत्तरपत्रिका उचला, त्यांच्या झेरॉक्स प्रत्येकाला द्या, न बोलता गुण द्यायला सांगा आणि फळ्यावर मांडा. तीन गुणांची भिंगाची किरणाकृती घ्या. वस्तू नाभी आणि दुप्पट नाभीय अंतराच्या मध्ये, प्रतिमा बरोबर जागी, बरोबर आकाराची, पण किरणांवर बाणच नाहीत. एकजण तीन गुण देतो, दुसरा प्रत्येक किरणाला अर्धा कापून दोन, तिसरा ‘बाण नाही तर किरण नाही’ म्हणून एक. तिघंही वर्षानुवर्षं असंच तपासत आलेले असतात आणि कोणालाच ते माहीत नसतं. इथे वाद घाला, ठरवा (बाण नसेल तर अर्धा गुण, तोही एकदाच), कागदावर लिहा. सहा उत्तरपत्रिकांत असे सात-आठ ठराव होतात.

तपासताना गुण उत्तरपत्रिकेवर लिहू नका, वेगळ्या कागदावर लिहा. मग प्रत्येक गठ्ठ्यातली दर दहावी उत्तरपत्रिका दुसऱ्याने कोरी तपासायची. पाचांपैकी दोनमध्ये ३ पेक्षा जास्त गुणांचा फरक निघाला तर कोणत्या प्रश्नावर फरक आहे ते शोधून तेवढाच प्रश्न पूर्ण गठ्ठ्यात पुन्हा तपासायचा.

निकालाचा तक्ता शाळांच्या क्रमवारीचा नको. उभे प्रश्न, आडव्या शाळा, प्रत्येक घरात चार आकडे: पूर्ण गुण, अर्धवट, शून्य, आणि सोडवलाच नाही. शेवटचे दोन वेगळे ठेवा. चुकीचं लिहिलेलं मूल शिकलेलं असतं, गोंधळलेलं असतं. कोरं सोडलेल्याला बहुतेक वेळा तो धडा मिळालेलाच नसतो. पाचही शाळांत एकाच प्रश्नाला शून्यं असतील तर आधी प्रश्नाची भाषा तपासा. एकाच शाळेत कोरी पानं असतील तर तिथे शिक्षक किती दिवस निवडणूक, प्रशिक्षण किंवा रजेवर होता ते बघा. आणि जिथे तो घटक चांगला गेला, त्या शिक्षकाने पुढच्या महिन्यात बाकीच्यांना ४० मिनिटांचा पाठ घेऊन दाखवायचा.

शिक्षकांची देवाणघेवाण

सहावी ते आठवीला विज्ञान-गणित, भाषा आणि सामाजिक शास्त्रं यांसाठी शिक्षक असावेत असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात एखाद्या शाळेत दोन भाषा शिक्षक असतात आणि गणिताला कोणी नसतं, तर पाच किलोमीटरवर नेमकं उलटं असतं.

आठवड्यातून दोन दिवस, दर वेळी जोडून दोन तासिका. एकाच तासिकेसाठी जाणं-येणं परवडत नाही. १२ आठवड्यांत कागदावर ४८ तासिका होतात, पण पोळा, गणपती, महालक्ष्म्या, नवरात्र आणि पावसाचे दोन-तीन दिवस वजा केले की ३६ ते ४० हातात राहतात. त्यात अख्खं पुस्तक संपत नाही. चार अवघड घटक निवडा आणि तेवढेच द्या. बदल्यात दुसऱ्या शाळेने तितक्याच तासिकांचा शिक्षक पाठवायचा, चित्रकलेचा किंवा खेळाचाही चालेल. एकतर्फी उपकार दोन महिन्यांत थांबतो.

लेखी आदेशाशिवाय कोणालाही पाठवू नका. जिल्हा परिषद शिक्षकासाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांचा आणि खाजगी शाळेच्या शिक्षकासाठी संस्था व मुख्याध्यापकांचा आदेश हवा, शिक्षणाधिकारी कार्यालयाला प्रत. दोन्हीकडच्या हजेरीवर सही आणि वेळ. वाटेत अपघात झाला तर तो कामावर होता हे सांगणारा दुसरा कागद नसतो. आणि नेमकी त्याच दिवशी तपासणी येते, असं गृहीत धरा.

ऊसतोडीला जाणारी लेकरं

बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारपासून जालना, परभणी, धाराशिवपर्यंतच्या ज्या गटांतून टोळ्या जातात, त्यांनी पेटीच्याही आधी हे काम घ्यावं. इथे दोन शाळांनी न बोलण्याची किंमत मोजलेली दिसते.

घर एक, शाळा दोन. धाकटा जिल्हा परिषद शाळेत तिसरीला, थोरली हायस्कुलात आठवीला. प्रत्येक शाळा आपली यादी वर्गवार करते. धाकट्याला मागे ठेवायची सोय झाली नाही म्हणून तो आई-बापासोबत फडावर जातो, आणि त्याला सांभाळायला थोरली जाते. हायस्कूलच्या हजेरीत ती नुसती ‘गैरहजर’. धाकट्याच्या शाळेला थोरलीचं माहीत नाही आणि थोरलीच्या शाळेला धाकट्याचं.

म्हणून यादी घरवार करा, सगळ्या शाळांची मिळून एक. ऑगस्टमध्ये सुरू, सप्टेंबरअखेर पक्की. मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) कोणी घेतली हे गावात तोवर कळलेलं असतं, आणि उचल घेतलेलं घर जाणारच. रकाने: घरप्रमुख, मुलं आणि त्यांची शाळा-वर्ग, पेन क्रमांक (मुलाचा कायमचा शैक्षणिक क्रमांक), मुकादमाचं नाव व फोन, कारखाना, निघण्याचा अंदाज, मागे कोण थांबतं (आजी, चुलता, कोणीच नाही). आधार क्रमांक या यादीत नको, आणि यादी ग्रुपवर टाकायची नाही.

मग प्रत्येक घराशी दोन्ही शाळांच्या शिक्षकांनी मिळून एकदाच बोलायचं. विचारायचं एकच: धाकट्याची सोय झाली तर थोरली राहील का? सोय म्हणजे हंगामी वसतिगृह, किंवा आजीकडे राहून शाळेत संध्याकाळचं जेवण. वसतिगृहाचा प्रस्ताव एका शाळेच्या आकड्यावर कमी पडत असेल तर तीन शाळांची यादी जोडून पाठवा. मुलांनी झोपायचं कुठे, हे मुलींसाठी आधी ठरवा. बाई मुक्कामाला नसेल तर पालक मुलगी ठेवणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

जी जाणारच, त्यांच्या हातात शिक्षण हमी कार्ड द्या, त्यासोबत दोन पानांचं प्रगतिपत्रक (वाचन कुठवर, गणितात कोणती क्रिया येते) आणि पाठ्यपुस्तकं. पुस्तकं ‘परत आल्यावर देऊ’ म्हणून कपाटात ठेवू नका. कारखान्याजवळच्या शाळेला फोन इकडून करायचा, पालकाच्या भरवशावर सोडायचा नाही. नाव पटावरून कमी करायचं नाही. लेकरू तिकडे बसलं तरी पट इकडचाच, हे फोनवर स्पष्ट सांगितलं की समोरची शाळाही मोकळेपणाने बसवून घेते.

मार्च-एप्रिलमध्ये परत आलेल्यांसाठी सकाळी दोन आठवड्यांचा एकत्र वर्ग, हायस्कूलच्या हॉलमध्ये. मुलं वर्गाप्रमाणे नाही, वाचनाच्या पातळीप्रमाणे बसवा. दहाच्या आत सोडा. त्यानंतर पत्र्याखाली बसवत नाही.

कॅलेंडर, आणि काय एकत्र करू नये

जूनच्या पहिल्या बैठकीत सगळ्यांच्या सुट्ट्या एका कागदावर मांडा. लातूर-धाराशिवकडे येळवसला (वेळा अमावास्येला) गाव शेतात असतं, शाळेत चिटपाखरू नसतं, आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या शाळेला ते लक्षात नसतं. उरूस, यात्रा, आठवडी बाजार यांचंही तसंच. चाचणीचा किंवा तपासणीचा दिवस शिष्यवृत्ती, नवोदय किंवा एनएमएमएस (आठवीसाठीची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा) यांच्या दिवशी येत नाही ना, ते बघा.

या परीक्षांचे सराववर्ग एकत्र घेता येतात. शिष्यवृत्तीला दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न आणि १५० गुण. त्यातला बुद्धिमत्ता चाचणीचा भाग चांगला शिकवणारा केंद्रात एखादाच असतो, त्याला शनिवारी सगळ्यांकडे फिरवा. ५० पुस्तकांची फिरती पेटी सोपी आहे. मैदान वाटून घेणंही सोपं आहे.

स्नेहसंमेलन एकत्र करू नका. पालकांचा एकत्र व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तर अजिबात नको. तिथे तिसऱ्या दिवशी फी आणि निकालाची तुलना सुरू होते.

वर्षाच्या शेवटी

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी दोन तासांची बैठक. ट्रंका उघडून डेडस्टॉकशी ताळा, देवाणघेवाण वही बंद, काय फुटलं त्याची यादी, पुढच्या वर्षी कोणती शाळा काय घेणार ते. समन्वयक दरवर्षी बदलायचा, आणि सलग दोन वर्षं हायस्कूलकडे जाऊ द्यायचा नाही, नाहीतर प्राथमिक शाळा पाहुण्यासारख्या वागायला लागतात.

पटाच्या कराराचं पान त्याच दिवशी पुन्हा वाचा आणि कोणी मोडलं का ते तोंडावर विचारा. मोडलं असेल तर शक्यतो तिथेच मिटवा. ज्या शाळेला बाहेर पडायचंय तिने तसं लिहून द्यावं, आपली उपकरणं घ्यावीत, दुसऱ्यांची परत करावीत. तिच्या वाट्याची वस्तू कोण घेणार हे ठरल्याशिवाय बैठक उठवू नका. अ‍ॅमीटर तिचे असतील तर जूनमध्ये पेटी रिकाम्या खणासह निघेल.